नाव लागणं

तेहतीस वर्षं मी सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून काम केलं. त्या वर्षांत माझ्या टेबलासमोर उभं राहून लोक जे काही बोलले, त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच वाक्यात येतं : "ताई, तेवढं आमचं नाव लावा." वारसाची नोंद, खरेदीची नोंद, वाटणीची नोंद. सातबाऱ्यावर नाव लागलं की माणूस कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवायचा आणि वरून हात दाबून बघायचा. ती हालचाल मी हजारो वेळा पाहिली आहे.

निवृत्त झाल्यावर लेकीकडे आइसलंडला गेले, तेव्हा हे काम संपलं असं मी धरून चालले होते. लेक तिथल्या विद्यापीठात लाव्ह्याचा अभ्यास करते. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी कसा थरावर थर साचत गेला, हे समजून घ्यायचं तर जिथे आजही जमीन फाटून तसाच लाव्हा बाहेर येतो तो देश पाहावा लागतो, असं ती सांगते. विमानतळापासून शहरापर्यंत दोन्ही बाजूंना काळा दगड आणि त्यावर राखाडी शेवाळ. झाड नाही. मला ते आपल्या माणदेशातल्या माळासारखं वाटलं. फक्त ऊन काढून घेतलेलं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं मला रेक्याविक या राजधानीतल्या आडालस्त्रायती नावाच्या रस्त्यावर नेलं. तिथे २००१ मध्ये एका जागी पाया खोदताना जुनं घर सापडलं. लांबट, कमानीसारख्या भिंतींचं, मध्ये चूल असलेलं. दहाव्या शतकातलं. ते जागेवरच ठेवून वर संग्रहालय केलं आहे. घराशेजारी गवताच्या ढेकळांची एक तुटकी भिंत आहे, ती त्याहूनही जुनी. ती जुनी हे कशावरून कळलं, तर तिच्यावर ज्वालामुखीच्या राखेचा एक पातळ थर बसला होता. तीच राख ग्रीनलंडच्या बर्फातही सापडते आणि बर्फाचे थर वर्षावर्षानं मोजता येतात. त्यातून तारीख निघाली : साधारण ८७० ते ८८० च्या दरम्यानची. म्हणजे ती भिंत त्याआधीची. मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिले. कागदाला कागद जोडून तारखा काढण्यात माझा जन्म गेला. राखेनं मारलेला शिक्का मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिथेच मला 'लांडनामाबोक' कळलं. नावाचा अर्थ जमीन घेतल्याचं पुस्तक. बाराव्या शतकात ते लिहायला सुरुवात झाली. नवव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेहून, आणि स्कॉटलंड-आयर्लंडच्या बाजूनं, जी माणसं या निर्मनुष्य बेटावर आली, त्यातल्या सुमारे ४३० मूळ वसाहतकारांची नोंद त्यात आहे : कोण, कुणाचा मुलगा, कुठे उतरला, कोणत्या नदीपासून कोणत्या नदीपर्यंतची जमीन घेतली, कुणाला त्यातली दिली, पुढे वंश कसा वाढला. सगळी मिळून तीन हजारांवर माणसं. पुस्तक किनाऱ्याकिनाऱ्यानं देशाला प्रदक्षिणा घालत जातं. चतुःसीमा, ताबा, हस्तांतर, वारस. लेकीनं इंग्रजी भाषांतर आणून दिलं आणि मी तिच्या खिडकीत बसून ते वाचून काढलं. जून होता, रात्र होतच नव्हती. एका अख्ख्या देशाचा सातबारा माझ्या मांडीवर होता.

त्याच्या जतनाची कथाही दप्तरातल्या माणसाला ओळखीची वाटेल अशी. तेराव्या शतकात स्तुर्ला थोर्दार्सननं तयार केलेल्या आवृत्तीची जुनी प्रत पुढे कोपनहेगनला गेली आणि १७२८ च्या आगीत नष्ट झाली. पण सतराव्या शतकात एका पाद्रीनं तिची हातानं नक्कल करून ठेवली होती. मूळ जळालं, नक्कल उरली. आज वाचतात ती त्या नकलेवरून. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधलेली जुनी दप्तरं मी सोडली-बांधली आहेत, वाळवी लागलेली पानं हलक्या हातानं उचलली आहेत. त्या पाद्रीला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

हे पुस्तक लिहिलंच कशाला, याचं उत्तर त्याच्याच एका जुन्या आवृत्तीत दिलेलं आहे. परके लोक आम्हाला गुलामांची आणि बदमाशांची पोरं म्हणून हिणवतात. आपलं खरं कूळ माहीत असेल तर त्यांना नीट उत्तर देता येईल, असा त्याचा आशय. वाचलं आणि पुस्तक क्षणभर मिटून ठेवलं. म्हणजे या नोंदवहीच्या मुळाशी अपमान आहे. आम्ही कुठून आलो हे आम्हीच लिहितो, तुम्ही सांगू नका.

जमीन किती घ्यावी यावर सुरुवातीला बंधन नव्हतं. पहिल्यांदा आलेल्यांनी खोरीच्या खोरी घेतली. मागून येणाऱ्यांना ते फार वाटू लागलं, तेव्हा नॉर्वेच्या हाराल्ड राजानं नियम घालून दिला, असं पुस्तक सांगतं. पुरुषानं आपल्या गलबतावरच्या माणसांसह एका दिवसात जेवढ्या जमिनीभोवती अग्नी फिरवता येईल तेवढीच घ्यावी. सूर्य पूर्वेला असताना पहिला जाळ, मग एकाचा धूर दुसऱ्यावरून दिसेल अशा अंतरानं पुढचे जाळ, सूर्य पश्चिमेला जाईपर्यंत. आणि बाईला जमीन घ्यायची असेल तर? वसंतातल्या एका दिवशी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, दोन वर्षांची पोसलेली कालवड दाव्यानं धरून जेवढ्या जमिनीभोवती फिरता येईल तेवढी तिची.

मी कालवडी राखल्या आहेत. दोन वर्षांची कालवड दाव्याला धरून चालवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. ती गवत दिसलं की थांबते, ओढा आला की बसते. पुरुषाचं क्षेत्र गलबतभर माणसांच्या जोरावर ठरणार आणि बाईचं एका जनावराच्या मर्जीवर. तरी मला त्या नियमाचा राग आला नाही. बाई जमीन घेईल हे त्यात गृहीत धरलं आहे. तिच्यासाठी वेगळी मोजणी आहे, म्हणजे तिचा हक्क आहे.

आणि मग स्टेइनुन भेटली. पहिला वसाहतकार म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या इंगोल्फर आर्नार्सनची ती नातेवाईक. ती उशिरा आली, त्याच्याकडे पहिला हिवाळा राहिली. त्यानं तिला नैऋत्येकडच्या भूशिरावरची मोठी जमीन देऊ केली, नुसतीच, फुकट. तिनं त्याला एक ठिपक्यांचा झगा दिला आणि म्हणाली, याला खरेदी म्हणायचं. तसं केलं तर पुढे कुणी मोडणार नाही असं तिला वाटलं. एवढंच लिहिलं आहे, दोन ओळींत.

त्या दोन ओळी मी लेकीला मोठ्यानं वाचून दाखवल्या. माझ्या हयातीत मी किती हक्कसोडपत्रांच्या नोंदी घेतल्या त्याचा हिशेब नाही. बहिणी गाडीतून उतरायच्या, भाऊ चहा सांगायचा, अंगठा किंवा सही व्हायची, आणि आणलेली साडी पिशवीत घालून त्या माघारी जायच्या. "माहेर तुटायला नको" हे सगळ्यांचं एकच कारण. मीही केली तशी सही. ते पान लिहिणारा तलाठी माझ्या ओळखीचाच होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो. अकराशे वर्षांपूर्वी एक बाई नात्यातल्या माणसाचं प्रेमानं दिलेलं दान घेत नाही, बक्षीसपत्र नको, खरेदीखत कर म्हणते. तिला माणसं कळत होती आणि कागद अजून आलेला नसताना कागदही कळत होता.

इंगोल्फरची गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत आहे. रेक्याविकच्या आर्नारहोल टेकडीवर त्याचा पुतळा आहे, १९२४ मध्ये बसवलेला. बेट दिसताच त्यानं आपल्या घरच्या मानाच्या आसनाचे खांब समुद्रात टाकले आणि ते जिथे लागतील तिथे वसेन असं ठरवलं. खांब शोधायला तीन वर्षं लागली. शोधले कुणी? वीविल आणि कार्ली या त्याच्या दोन गुलामांनी. किनारा तुडवत ते आत्ताच्या रेक्याविकपर्यंत आले. तेव्हा कार्ली म्हणाला की इतके चांगले प्रदेश ओलांडून आलो ते काय या टोकाच्या भूशिरावर राहायला! त्याचं हे बोलणं पुस्तकात तसंच ठेवलं आहे. नंतर तो एका दासीला घेऊन पळून गेला. पुढे इंगोल्फरला एका तळ्याकाठी धूर दिसला, जाऊन पाहतो तर तिथे कार्ली. वीविलला स्वातंत्र्य मिळालं आणि तो जिथे राहिला ती जागा अजून वीविल्स्तादिर म्हणून ओळखली जाते. १९१० मध्ये तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधलं गेलं. जवळच्या डोंगरालाही त्याचंच नाव आहे. आज शहरातली माणसं रविवारी तो डोंगर चढायला जातात.

इंगोल्फरचा मानलेला भाऊ ह्योर्लेफुर दक्षिण किनाऱ्यावर वेगळा उतरला होता. त्याच्यापाशी आयर्लंडहून धरून आणलेले गुलाम होते आणि बैल एकच. नांगराला त्यानं गुलाम जुंपले. त्यांनी बैल मारला, अस्वलानं मारला असं सांगितलं, आणि शोधायला निघालेल्या ह्योर्लेफुरला व त्याच्या माणसांना गाठून ठार केलं. मग बायकांना घेऊन जवळच्या बेटांवर पळाले. इंगोल्फरनं तिथे जाऊन त्यांना मारलं. आयरिश म्हणजे पश्चिमेची माणसं. म्हणून ती बेटं वेस्टमान्नाएयार, पश्चिमेच्या माणसांची बेटं. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव डुफ्थाकुर. तो जिथे मेला त्या कड्याला त्याचं नाव मिळालं. खुनी म्हणून मारला गेलेला गुलाम, आणि नाव कड्याला.

हे वाचताना मला सारखं आमच्या विहिरीचं आठवत होतं.

माझे पणजोबा १८९६ च्या दुष्काळात माणदेशातून बायको आणि एक बैल घेऊन कृष्णाकाठच्या त्या गावात आले. जुन्या भाषेत सांगायचं तर उपरी. गावात मिरासदार वेगळे, ज्यांची जमीन बापजाद्यांची, ज्यांना पाणवठ्यावर आणि देवळात मान; आणि उपरी वेगळे, बाहेरून येऊन दुसऱ्याची जमीन कसणारे. पणजोबांनी गावाबाहेरच्या पडीक माळाचा तुकडा कसायला घेतला. दगड वेचून बांध घातले. विहीर खणली, तीही घरच्याच माणसांनी. आजोबांच्या काळापर्यंत त्या माळावर जोंधळा आणि भुईमूग उभा राहत होता. पुढे कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा तो जमिनीचा मालक, असं त्या कायद्यानं ठरवलं. पण त्याच्या दोन वर्षं आधीच आजोबांचा राजीनामा कागदावर आला होता : मी स्वखुशीनं कुळहक्क सोडत आहे. अक्षर आजोबांचं नाही, त्यांना लिहिता येत नव्हतं. खाली अंगठा. कसा घेतला हे घरात कुणी सांगितलं नाही आणि मालकाचं घराणं आता गावातही नाही. नोकरीला लागल्यावर मी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन ते पान काढलं होतं. कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव आहे आणि त्यावर एक सरळ आडवी रेघ.

विहीर मात्र अजूनही "माणदेश्यांची विहीर". जमिनीचे मालक तीनदा बदलले, मोटेच्या जागी मोटार आली. नाव तेच.

म्हणून त्या पुस्तकातला नाउत्फारी मला सोडवेना.

इंगोल्फरच्या आधी काही खलाशी या बेटावर येऊन गेले होते. एकानं ह्याला हिमदेश म्हटलं आणि परत गेला. फ्लोकी नावाचा एक जण तर गुरं घेऊन आला होता. खाडीत मासळी इतकी की माणसं तिच्याच मागे लागली, गवत कापून ठेवायचं राहिलं आणि हिवाळ्यात गुरं मेली. गवताची गंज नसेल तर उन्हाळ्यात काय होतं हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. डोंगरावर चढून त्यानं बर्फानं भरलेली खाडी पाहिली आणि बेटाला आइसलंड हे नाव दिलं. ह्या सगळ्यांतला गार्दार नावाचा स्वीडिश माणूस, त्यानं गलबत घेऊन बेटाला वळसा घातला आणि उत्तरेकडच्या स्क्याल्फान्दी खाडीत घर बांधून एक हिवाळा काढला. त्या जागेला हूसाविक म्हणतात, घराची खाडी. वसंतात तो निघाला तेव्हा एक होडी सुटून गेली. होडीत नाउत्फारी नावाचा माणूस, एक गुलाम आणि एक दासी. गार्दार त्यांना घ्यायला परतला नाही.

ही तिघं तिथेच राहिली. इंगोल्फरच्या कित्येक वर्षं आधी. या बेटावर आलेलं आणि पुन्हा माघारी न गेलेलं पहिलं घर हेच, आयर्लंडचे काही संन्यासी आधी येऊन गेले होते ते सोडले तर.

पुढे एका वेगळ्याच पानावर, प्रदक्षिणा उत्तरेकडे पोचल्यावर, नाउत्फारी पुन्हा येतो. एविन्दुर नावाचा वसाहतकार रेक्यादालुर खोऱ्यात जमीन घेतो. तिथे आधीच नाउत्फारी होता. त्यानं खोरं आपलं म्हणून झाडांवर खुणा केल्या होत्या. एविन्दुरनं त्याला हुसकावून लावलं आणि खाडीकाठची एक चिंचोळी जागा दिली. तिला आजही नाउत्फाराविक म्हणतात.

झाडांवर खुणा. मी ते वाक्य परतपरत वाचलं. तेव्हा डोंगरापासून समुद्रापर्यंत बर्चची झाडी होती असं जुने लेखक सांगतात आणि तज्ज्ञही ते मान्य करतात. बेटाचा निदान चौथा हिस्सा झाडीखाली असावा. सरपण, कोळसा, घरं आणि मेंढ्या यांत ती काही शतकांतच संपली आणि माती उघडी पडून वाऱ्यावर गेली. विमानतळावरून येताना मी पाहिला तो उजाड माळ निसर्गानं सगळा तसा केलेला नाही. म्हणजे एविन्दुरनं हुसकावलं ते हुसकावलंच. नंतर ज्या झाडांवर नाउत्फारीची हद्द होती ती झाडंही उरली नाहीत. हद्दीचे दगड रातोरात सरकलेले मी पाहिले आहेत. पण पुरावाच जंगलासकट नाहीसा व्हावा!

१८७४ मध्ये आइसलंडनं वसाहतीचा हजारावा वाढदिवस साजरा केला. डेन्मार्कचा राजा नववा क्रिस्तियान स्वतः आला, सोबत देशासाठी राज्यघटना घेऊन. हजार वर्षं मोजली ती इंगोल्फरपासून. कारण तो ठरवून आला होता, विधी करून, खांब टाकून, मालक म्हणून. नाउत्फारी राहिला तो होडी सुटली म्हणून. जो चुकून, नाइलाजानं, दुसऱ्याच्या कामावर आलेला असताना मागे राहतो, तो वसाहतकार नव्हे, असा तो हिशेब. मला तो पटत नाही. माझे पणजोबाही ठरवून आले नव्हते. पावसानं पाठ फिरवली म्हणून आले. जगात बहुतेक माणसं अशीच कुठेतरी पोचतात आणि मग तिथला हिवाळा काढतात. हिवाळा काढला की ती जागा त्यांची नव्हे का?

गुलामांबद्दल हे पुस्तक दर वेळी इतकं कठोर नाही, हेही सांगितलं पाहिजे. डब्लिनच्या राजाची विधवा औदुर नवरा आणि मुलगा गेल्यावर स्कॉटलंडच्या रानात लपून गलबत बांधते, नाती, नातू आणि वीस स्वतंत्र पुरुष घेऊन येते, पश्चिमेकडची खोरी घेते आणि आपल्याबरोबरच्या माणसांना जमिनी वाटून देते, मुक्त केलेल्या गुलामांनाही. तिच्यापाशीही एक वीविल होता (हा वेगळा). त्यानं विचारलं, सगळ्यांना दिलीस, मला का नाही? ती म्हणाली, तुला त्याची गरज नाही, तू कुठेही मानाचाच राहशील. तरीही मग तिनं त्याला एक खोरं दिलं. त्या वीविलची नात गुद्रिदुर. ती पुढे ग्रीनलंडला गेली, तिथून पश्चिमेला आणखी समुद्र ओलांडून ज्याला ते विनलंड म्हणायचे त्या किनाऱ्यावर राहिली आणि तिथे तिला मुलगा झाला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर त्या काळच्या नॉर्स, म्हणजे या उत्तरेकडच्या लोकांच्या, घरांचे अवशेष सापडले आहेत. तिथलं एक लाकूड इ. स. १०२१ मध्ये तोडलेलं आहे हे आता नक्की झालं आहे. म्हातारपणी गुद्रिदुर रोमची यात्रा करून आली आणि जोगीण होऊन राहिली. आजोबा गुलाम होता त्या बाईनं पाहिलं तेवढं जग तेव्हा क्वचितच कुणी पाहिलं असेल.

आता जनुकांचा अभ्यास झाला आहे. आइसलंडच्या पुरुषांच्या वंशरेषा बहुतांश स्कँडिनेव्हियाच्या निघतात, पण बायकांकडून आलेल्या वंशरेषांतल्या सुमारे साठ टक्के आयर्लंड-स्कॉटलंडच्या. म्हणजे देशाच्या निम्म्याहून जास्त आद्य आया तिकडच्या. त्यातल्या काही लग्नाच्या बायका म्हणून आल्या असतील, पुष्कळशा दासी म्हणून आणलेल्या. पुस्तकात त्यांची नावं मोजकी आहेत.

पुढचा इतिहास मी इथे भराभर सांगते, कारण तो पुष्कळ ठिकाणी लिहिलेला आहे. ९३० मध्ये थिंगवेलिरच्या भेगाळलेल्या खडकांत लोकसभा भरू लागली. कायदा लिहिलेला नव्हता. कायदेवक्ता दर उन्हाळ्यात त्याचा तिसरा हिस्सा तोंडपाठ म्हणायचा, तीन वर्षांत पुरा. साधारण १००० साली तिथेच ख्रिस्ती धर्म स्वीकारायचं ठरलं. तेराव्या शतकात बेट नॉर्वेच्या राजाकडे गेलं, नंतर डेन्मार्ककडे. १७८३ मध्ये लाकी ज्वालामुखी फुटला, आठ महिने लाव्हा आणि विषारी धूर. गुरं-मेंढ्या मेल्या आणि माणसांतलं दर पाचातलं एक मेलं.

एका गोष्टीशी मात्र थांबायला हवं. गुलामगिरी बाराव्या शतकापर्यंत संपली, पण भूमिहीनांना मोकळं राहू देत नव्हते. ज्याच्याकडे जमीन नाही त्यानं कुणातरी शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या करारानं राहिलंच पाहिजे, असा कायदा पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकला. मे महिन्यात करार संपायचा आणि माणसं बोचकं घेऊन दुसऱ्या घरी जायची. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तसंच. फरक इतकाच की तिथे साल न धरणं हा गुन्हा होता. जमीन नसलेल्याला लग्न करणंही अवघड. किनाऱ्यावर मासेमारी वाढली, गावं उभी राहिली आणि तो कायदा ढिला पडत गेला. पण त्याआधीच हजारो माणसं कॅनडा-अमेरिकेला निघून गेली होती.

१८७५ च्या मार्चमध्ये आस्क्याचा ज्वालामुखी उडाला, पूर्वेकडची कुरणं राखेखाली गेली. त्याच ऑक्टोबरात आइसलंडची काही कुटुंबं कॅनडात विनिपेग सरोवराच्या काठी उतरली. त्यांनी गिमली वसवलं, प्रदेशाला नवा आइसलंड म्हटलं. ती जागा रिकामी नव्हती. उत्तरेकडच्या नदीकाठी जॉन रॅमसे नावाच्या, सोल्टो या मूळ रहिवासी जमातीतल्या माणसाचं घर होतं. आपल्याला हुसकावलं जातं आहे अशी त्यानं सरकारकडे तक्रारही केली. उपयोग झाला नाही. नदीचं नाव आइसलँडिक नदी झालं. तरीही त्यानं या नवख्या, उपाशी लोकांना शिकार आणून दिली. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली, शंभरेक आइसलँडर गेले आणि मूळ रहिवाशांतले तर कितीतरी. रॅमसेची बायको बेट्सी गेली. त्यानं तिच्यासाठी संगमरवरी दगड आणून लावला. तो तिथे अजून आहे, तिच्या नावासकट.

घरी ज्यांना जमिनीवर नाव नव्हतं तीच माणसं तिथे एविन्दुर झाली. हे वाचल्यावर मी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. माझ्या हातानं मी किती नोंदी मंजुरीला पाठवल्या आणि त्यातल्या कितींखाली कुणाच्या झाडावरच्या खुणा होत्या, हे त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच मनात आलं.

आज आइसलंडमध्ये चार लाखांच्या आत-बाहेर लोक आहेत आणि त्यातले पाच-सहा जणांमागे एक बाहेरून आलेला. सगळ्यात जास्त पोलंडचे. माशांच्या कारखान्यात, बांधकामावर, हॉटेलांत तेच दिसतात. लेकीच्या इमारतीत जिना पुसणारी बाई पोलंडची. ती वीस वर्षं तिथे आहे आणि तिची मुलगी शाळेत आइसलँडिक शिकवते. १९९६ पर्यंत बाहेरच्याला तिथलं नागरिकत्व घ्यायचं तर आइसलँडिक नाव घ्यावं लागायचं. ती अट आता नाही. लेकीनं परवान्याच्या कागदावर आपलं पूर्ण नाव लिहिलेलं दाखवलं : तिचं, तिच्या बापाचं, आडनाव. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मी तो कागद घडी केला आणि वरून हात दाबला.

परतण्याआधी मी हट्ट धरला की हूसाविकला जायचंच. दिवसभराचा प्रवास. लोक तिथे देवमासे पाहायला जातात. आम्ही धक्क्यावर बसलो. खाडी रुंद आहे, पलीकडे जूनमध्येही पांढरे असलेले डोंगर. त्यांच्या पायथ्याशी नाउत्फाराविक. आता तिथे कुणी राहत नाही. रस्ता नाही.

शेजारच्या बाकावर एक आजी विणत बसल्या होत्या. लेकीनं त्यांच्याशी बोलणं काढलं. मी पलीकडे हात करून ते नाव घेतलं. त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला, मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा दुरुस्त केला. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली. मग मी लेकीला म्हटलं, त्यांना विचार, होडीत ती जी दासी होती, तिचं नाव इथे कुणाला माहीत आहे का? आजींनी विणकाम मांडीवर ठेवलं. ते लिहिलेलं नाही, म्हणाल्या.

रात्री उजेडामुळे झोप लागली नाही. पडल्यापडल्या लक्षात आलं, की पणजोबांचं नाव मला ठाऊक आहे, त्यांच्या वडिलांचंही. बैल कोणत्या रंगाचा होता तेही घरात सांगतात. त्यांच्यासोबत चालत आलेली, त्या विहिरीचा गाळ डोक्यावरून वाहिलेली माझी पणजी, तिचं नाव काय?

सकाळी सातला आत्याला फोन लावला. तिकडे दुपार. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, तिनं पणजीला पाहिलेलं आहे. प्रश्न मोठ्यानं दोनदा सांगावा लागला. मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

"न्हाय गं बाई ठावं," ती म्हणाली. "तिला समदी माणदेशीणच म्हणायची."